वैद्यकीय जर्नलच्या संपादकाला काढण्याचा अधिकार कोणाकडे असावा?

अबोली
नमस्कार. आमच्या विषयाच्या डॉक्टरांची एक राज्यस्तरीय संघटना आहे आणि ती एक छोटे त्रैमासिक जर्नल चालवते. त्याच्या संपादकपदाची नियमावली नव्याने लिहिण्यासाठी नेमलेल्या समितीत मी आहे. मसुद्यातले एक कलम असे आहे : ‘संपादकाची नेमणूक कार्यकारिणी करील आणि कार्यकारिणीला योग्य वाटेल तेव्हा ती रद्द करता येईल.’ समितीतल्या इतरांना यात काही वावगे दिसत नाही. ज्याचे जर्नल त्याचा संपादक, असे त्यांचे सरळ म्हणणे आहे. मला मात्र हे कलम वाचल्यावर त्याच्या लगेच खालचे ‘संपादकास संपूर्ण स्वातंत्र्य राहील’ हे कलम निव्वळ शोभेचे वाटू लागले.

थोडा इतिहास चाळला. जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘जामा’ या आपल्या जर्नलचे संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांना काढून टाकले. ते सतरा वर्षे त्या पदावर होते. निमित्त झाले किन्से इन्स्टिट्यूटच्या संशोधकांच्या एका निबंधाचे. १९९१ मध्ये एका अमेरिकी विद्यापीठातल्या ५९९ विद्यार्थ्यांना विचारलेल्या प्रश्नांवर तो आधारलेला होता, आणि मुखमैथुन झाले म्हणजे शरीरसंबंध आला असे त्यांपैकी ५९ टक्के विद्यार्थी मानत नव्हते. निबंध छापायला गेला तेव्हा बिल क्लिंटन यांच्यावरचा महाभियोग सिनेटपुढे चालू होता आणि तिथेही वाद नेमका याच व्याख्येवरून पेटला होता. संपादकाने जर्नलला राजकीय वादात ओढले, असे कारण असोसिएशनने दिले. त्याच वर्षी जुलैत मॅसॅच्युसेट्स मेडिकल सोसायटीने ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’च्या जेरोम कॅसिरर यांना निरोप दिला. जर्नलचे नाव संस्थेच्या इतर प्रकाशनांवर वापरायला त्यांनी विरोध केला होता. पुढे २००६ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांच्या संघटनेच्या जर्नलचे संपादक जॉन होई यांना काढले गेले आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या तशाच जर्नलच्या स्टीफन लीडर यांना. ही चारही जर्नले डॉक्टरांच्या संघटनांच्या मालकीची आहेत.

याउलट ‘लॅन्सेट’ हे ब्रिटिश वैद्यकीय जर्नल पाहा. त्याची मालकी रीड एल्सेव्हियर या नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीकडे होती आणि तिची एक उपकंपनी लंडनमध्ये शस्त्रास्त्रांचे प्रदर्शन भरवत असे. २००५ मध्ये लॅन्सेटने स्वतःच्या मालकाला याबद्दल जाहीरपणे फटकारले आणि पुढेही हा विषय लावून धरला. २००७ मध्ये कंपनीने तो व्यवसाय सोडण्याचे जाहीर केले. संपादक रिचर्ड हॉर्टन जागच्या जागी राहिले.

त्यामुळे माझे मत थोडे उफराटे झाले आहे : वैद्यकीय संपादकाला औषध कंपनीपेक्षा किंवा व्यापारी प्रकाशकापेक्षा त्याच्याच व्यवसायबंधूंच्या संघटनेकडून अधिक धोका असतो. हे आपल्याला पटते का? आणि आमच्या नियमावलीत नेमके काय लिहावे?

पारवा
संघटना म्हटले की निवडणूक आली, निवडणूक म्हटली की गट आले आणि गट आले की संपादक कोणाचा हा प्रश्न आला. आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची वार्षिक स्मरणिकासुद्धा याच कारणाने बंद पडली. आपल्याला शुभेच्छा.

टोरांटोकर
अबोलीताई, आपण होई यांचा उल्लेख एका ओळीत संपवलात, पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तेच प्रकरण सर्वांत शिकवणारे आहे. काढून टाकण्याचा प्रसंग हा अशा कथेचा शेवट असतो. सुरुवात बरीच आधी झालेली असते.

‘कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नल’ने २००२ मध्ये क्वेबेक प्रांतातल्या एका मृत्यूवर अग्रलेख लिहिला. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला जवळच्या रुग्णालयात न्यावे, तर तिथला आपत्कालीन विभाग डॉक्टरांअभावी रात्रीपुरता बंद होता. अग्रलेखातल्या टीकेचा रोख डॉक्टरांकडेही वळला, तेव्हा असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांनी तो मागे घेण्याची मागणी केली. होई यांनी नकार दिला. या वादातून जर्नलसाठी एक देखरेख समिती स्थापन झाली आणि सगळ्यांना वाटले की आता प्रश्न सुटला.

२००५ च्या अखेरीस जर्नलच्या वार्ताहरांनी एक बातमी तयार केली. तातडीच्या गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू लागल्या होत्या. देशभरातल्या तेरा स्त्रियांना त्या विकत घ्यायला सांगण्यात आले, आणि औषधविक्रेते त्यांना कोणते खासगी प्रश्न विचारतात याची नोंद झाली. बातमी छापून येण्याआधीच फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने असोसिएशनकडे तक्रार केली. मग प्रकाशकाकडून दबाव आला आणि बातमी बदलून छापावी लागली. संपादकांनी हा हस्तक्षेप लपवला नाही, अग्रलेख लिहून वाचकांना सांगितला. फेब्रुवारी २००६ मध्ये होई आणि त्यांच्या वरिष्ठ सहसंपादक ॲन मरी टॉडकिल या दोघांनाही काढण्यात आले. जर्नलला ताजेपणा हवा आहे, असे कारण प्रकाशकाने दिले. महिन्याभरात संपादक मंडळातल्या बहुतेकांनी राजीनामे दिले.

यातला बारकावा असा की, देखरेख समिती अस्तित्वात असूनही दोन्ही संपादक गेले. समितीला विचारल्याशिवाय निर्णय घेता येणार नाही, असे बंधन मालकावर नव्हते. आपल्या मसुद्यात एखादी सल्लागार समिती घालून समाधान मानण्याचा मोह होईल, म्हणून हे सविस्तर लिहिले.

मुद्रितशोधक
टोरांटोकरांचा प्रतिसाद उत्तम आहे, परंतु मूळ लेखातल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. व्यापारी प्रकाशकांनी संपादक कमी काढले यावरून ते संपादकांना अधिक मोकळीक देतात असे सिद्ध होत नाही. बऱ्याचदा त्यांना संपादकाला काढण्याची गरजच पडत नाही, कारण पैसा कुठून येतो हे संपादकाला न सांगता कळत असते.

लॅन्सेटचेच उदाहरण घेऊ. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये काही मोठ्या जर्नलांच्या उत्पन्नाचा अभ्यास प्रसिद्ध केला. २००५-०६ च्या सुमारास लॅन्सेटच्या उत्पन्नातला ४१ टक्के वाटा रिप्रिंटच्या विक्रीचा होता आणि डॉक्टरांच्या संघटनेच्या मालकीच्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या गटात तोच वाटा ३ टक्के होता. मालकावर शस्त्रास्त्रांवरून टीका करणे धाडसाचे आहेच, पण त्या टीकेमुळे जर्नलच्या उत्पन्नाला कुठेही धक्का लागत नव्हता.

आणि एल्सेव्हियरच्या ऑस्ट्रेलियातल्या शाखेने काय केले तेही लक्षात असू द्यावे. ‘ऑस्ट्रेलेशियन जर्नल ऑफ बोन अँड जॉइंट मेडिसिन’ या नावाचे, दिसायला अगदी शास्त्रीय जर्नलसारखे एक प्रकाशन मर्क कंपनीच्या पैशावर निघत होते. त्यात त्यांच्या औषधांना अनुकूल असे लेख पुन्हा छापले जात, आणि त्यामागे औषध कंपनी आहे याचा उल्लेख कुठेही नसे. मर्कच्या व्हायॉक्स या वेदनाशामक औषधावरून ऑस्ट्रेलियात चाललेल्या खटल्याच्या वेळी, २००९ मध्ये, हे बाहेर आले. २००० ते २००५ या काळात अशी सहा प्रकाशने काढल्याचे कंपनीने मान्य केले. तिथे काढून टाकण्यासारखा स्वतंत्र संपादकच कुठे होता?

बे एके बे
मी डॉक्टर नाही, हिशेबतपासनीस आहे, म्हणून भाबडा प्रश्न विचारतो. रिप्रिंट म्हणजे छापून आलेल्या लेखाच्या सुट्या प्रतीच ना? त्यांतून इतके पैसे कसे मिळतात? लेख तर जर्नलमध्ये असतोच.

मुद्रितशोधक
बे एके बे, प्रश्न मुळीच भाबडा नाही, सगळी मेख तिथेच आहे. एखाद्या नव्या औषधाची चाचणी नामांकित जर्नलमध्ये आली की कंपनी त्या लेखाच्या हजारो, कधी लाखो प्रती जर्नलकडूनच विकत घेते आणि आपल्या एमआर मंडळींच्या हातून डॉक्टरांना वाटते. कंपनीचे माहितीपत्रक डॉक्टर बाजूला ठेवतो, पण वर न्यू इंग्लंड जर्नलचे नाव असलेला कागद तो वाचतो. मर्कच्या व्हायॉक्सवरचा ‘विगॉर’ चाचणीचा निबंध त्या जर्नलमध्ये २००० मध्ये आला आणि कंपनीने त्याच्या नऊ लाखांहून अधिक प्रती घेतल्या. हृदयविकाराच्या धोक्यामुळे ते औषध सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून काढून घेतले गेले. निबंधातल्या आकडेवारीत तीन रुग्णांच्या हृदयविकाराच्या झटक्यांची नोंद राहून गेली होती, आणि त्याबद्दल जर्नलने जाहीर चिंता व्यक्त केली ती डिसेंबर २००५ मध्ये.

पैशासाठी जर्नल गप्प बसले असा आरोप मी करत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. एवढेच म्हणतो की एका निबंधातून इतकी विक्री होऊ शकते हे ज्या संस्थेला ठाऊक आहे, तिथे निबंधाची निवड करणारा आणि विक्रीचे लक्ष्य ठरवणारा यांच्यामध्ये पक्की भिंत हवी.

बे एके बे
समजले. आमच्या व्यवसायातही ज्याचे हिशेब तपासायचे तोच फी देतो, त्यामुळे परकेपणा वाटला नाही.

नस्ती उठाठेव
सगळेच संपादकाच्या बाजूने बोलत आहेत, म्हणून मी मालकाची बाजू मांडतो. संपादकाला कोणी निवडून दिलेले नसते. सभासदांची वर्गणी, संघटनेचे नाव आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पुण्याई त्याच्या हातात सोपवली जाते, आणि त्याने उद्या आपल्या राजकीय मतांसाठी ती वापरली तर सभासदांनी काय करायचे? ऑगस्ट २०१९ मध्ये लॅन्सेटने काश्मीरवर अग्रलेख लिहिला तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने निषेधाचे पत्र पाठवले होते. वैद्यकीय जर्नलने भारताच्या अंतर्गत राजकीय प्रश्नात पडण्याचे कारण नाही, असे त्यांचे म्हणणे होते, आणि मला तेव्हा ते पटले होते. आजही पटते. औषध, शस्त्रक्रिया, साथीचे रोग यांवर संपादकाने वाटेल ते लिहावे, पण स्वातंत्र्याला विषयाची मर्यादा असावी.

अबोली
उठाठेवजी, विषयाची मर्यादा कोणी आखायची हाच पेच आहे. लुंडबर्ग यांना काढताना असोसिएशननेही हेच म्हटले होते की जर्नल ज्या वादात ओढले गेले त्याचा विज्ञानाशी किंवा वैद्यकाशी संबंध नाही. लैंगिक व्यवहाराबद्दल रुग्णाला प्रश्न विचारताना डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या मनात एकच अर्थ असतो का, हा माझ्या मते पूर्णपणे दवाखान्यातला प्रश्न आहे. लेखात तथ्य होते. त्यांना खटकली ती प्रसिद्धीची वेळ.

टोरांटोकर
आणि क्वेबेकमधला रात्री बंद असलेला आपत्कालीन विभाग वैद्यकात मोडतो की राजकारणात?

गोदाकाठ
उठाठेव यांच्या उदाहरणात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत असे मला वाटते. इंडियन मेडिकल असोसिएशन लॅन्सेटची मालक नाही. तिने पत्र लिहिले, टीका केली, कदाचित योग्यही केली असेल. टीकेमुळे संपादकाच्या स्वातंत्र्यावर गदा येत नाही. काश्मीरवरच्या त्या अग्रलेखाबद्दल माझेही मत फारसे अनुकूल नाही, आणि तरीही तेवढ्यासाठी मालकाने हॉर्टन यांना काढले असते तर मी त्याचा निषेध केला असता.

मालकाला काहीच अधिकार नसावेत असेही कोणी म्हणत नाही. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शिफारशी या बाबतीत संयत आहेत. संपादक नेमण्याचा आणि काढण्याचा अधिकार मालकाचा, हे त्या मान्य करतात. कोणता लेख घ्यायचा, कधी छापायचा, त्यात काय बदल करायचे, यांत मात्र मालकाने पडू नये. संपादकाला काढायचे तर त्याला ठोस कारण हवे, उदाहरणार्थ वैज्ञानिक गैरवर्तन, जर्नलच्या दीर्घकालीन दिशेबद्दल मतभेद किंवा विश्वासाच्या पदाला न शोभणारे वागणे. आणि हे सगळे संपादकाबरोबरच्या लेखी करारात असावे.

नस्ती उठाठेव
‘दीर्घकालीन दिशेबद्दल मतभेद’ या एका शब्दप्रयोगातून हत्ती जाईल आणि शेपूटही अडकणार नाही. कॅसिरर यांना याच दारातून बाहेर काढता आले असते.

गोदाकाठ
हा आक्षेप मान्य आहे. त्याचे उत्तर माझ्याकडे नाही.

शल्यविशारद
मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतो आणि एका छोट्या जर्नलच्या संपादक मंडळावर काम केले आहे. आपण अमेरिका आणि कॅनडा यांची चर्चा करता आहात, पण आपल्याकडे संपादकावरचा दबाव याहून कितीतरी साधा आणि घरगुती असतो. आमचा संपादक त्याच संस्थेत प्राध्यापक होता. ज्यांचे पेपर त्याच्या टेबलावर येत, त्यांतले काही त्याच्या बढतीच्या मुलाखतीत समोर बसणारे होते. वरिष्ठांचा पेपर दोन्ही समीक्षकांनी नाकारला तर ‘तिसऱ्याकडे पाठवून पाहा’ असा निरोप येत असे आणि तिसरा समीक्षक कोण असावा हेही निरोपातच असे. त्यासाठी कोणाला नोकरीवरून काढावे लागत नव्हते.

त्यात अध्यापकांच्या बढतीसाठी शोधनिबंधांची अट आली, आणि तेव्हापासून जर्नल ही वाचण्यापेक्षा छापून येण्याची जागा झाली. ज्याला ३१ मार्चच्या आत प्रमाणपत्र हवे आहे त्याच्याशी समीक्षेच्या गुणवत्तेबद्दल बोलणे फार अवघड असते. पैसे घेऊन आठवड्यात पेपर छापणाऱ्या भुरट्या जर्नलांचे पीक आपल्याकडे का आले, याचे मोठे कारण तिथे आहे. त्यांच्या संकेतस्थळांवर लांबलचक संपादक मंडळे असतात आणि त्यांतल्या काहींना आपण संपादक असल्याचा पत्ताही नसतो.

तरीही सगळे काळेकुट्ट आहे असे मी म्हणणार नाही. मुंबईत सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय यांच्या अध्यापकांची स्टाफ सोसायटी १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ काढते आहे, आणि त्यातले लेख कोणालाही विनामूल्य वाचता येतात. ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’ १९९३ मध्ये मुंबईतच सुरू झाले ते वैद्यकीय व्यवसायातल्या गैरप्रकारांवर बोट ठेवणाऱ्या डॉक्टरांच्या आणि कार्यकर्त्यांच्या गटातून, आणि ते कोणत्याही वैद्यकीय परिषदेच्या किंवा औषध कंपनीच्या दावणीला बांधलेले नाही.

नस्ती उठाठेव
एथिक्सच्या जर्नलचा विषय काढलात ते बरे झाले. २०१८ मध्ये त्यांनी स्वीडनमधल्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या वाढत्या प्रमाणाचा संबंध तोच कर्करोग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या एचपीव्ही लसीशी जोडणारा लेख छापला. लेखकाचे नाव खोटे निघाले आणि तो ज्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचा असल्याचे सांगत होता त्या संस्थेने असा कोणी आपल्याकडे नसल्याचे कळवले. तरी संपादकांनी आधी लेख तसाच ठेवला, केवळ टोपणनावाची दुरुस्ती छापली, आणि बरीच टीका झाल्यावर तो मागे घेतला. मालकापासून मुक्त असलेला संपादकही असे करू शकतो.

शल्यविशारद
आपण सांगितलेला घटनाक्रम बरोबर आहे आणि लेख सुरुवातीलाच मागे घ्यायला हवा होता असेच माझे मत आहे. फक्त तो मागे घेतला कोणी ते पाहा. कोणा मंत्र्याने, परिषदेने किंवा विश्वस्ताने आदेश दिला नव्हता. उघड टीका झाली आणि संपादकांनी स्वतःचा निर्णय फिरवला. स्वतंत्र संपादक चुकतो, हे खरेच आहे. लॅन्सेटने वेकफिल्ड यांचा, गोवर-गालगुंड-रुबेला लशीचा संबंध ऑटिझमशी (स्वमग्नतेशी) जोडणारा १९९८ चा लेख मागे घ्यायला २०१० उजाडू दिले, आणि त्या बारा वर्षांत लशीबद्दलच्या भीतीने जे नुकसान केले ते मोजणे अवघड आहे.

पारवा
म्हणजे संपादकाला मालकापासून वाचवायचे, पण वाचकाला संपादकापासून कोण वाचवणार?

मुद्रितशोधक
पारवा, दुसरे संपादक. वेकफिल्ड यांच्या लेखातली लबाडी २०११ मध्ये सविस्तर छापली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलने, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने.

अमृतवेल
जाहिरातींचा विषय अजून कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटते. १९९२ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ने मोठ्या वैद्यकीय जर्नलांतल्या औषधांच्या जाहिराती तज्ज्ञांकडून तपासून घेणारा अभ्यास छापला. डॉक्टरकडे केवळ ती जाहिरात एवढीच माहिती असेल, तर ४४ टक्के जाहिरातींमुळे औषध चुकीच्या पद्धतीने दिले जाईल, असे तज्ज्ञांचे मत पडले. त्यानंतर औषध कंपन्यांनी त्या जर्नलच्या जाहिराती मोठ्या प्रमाणावर काढून घेतल्या आणि दहा लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न बुडाल्याचा अंदाज होता. त्याचे संपादक रॉबर्ट आणि सुझान फ्लेचर हे दांपत्य पुढे फार दिवस त्या पदावर राहिले नाही.

त्याच ॲनल्सची दुसरी बाजूही सांगते, कारण अबोलीताईंच्या मूळ मताला ती छेद देते. हे जर्नलही अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेचेच आहे. जुलै २०२५ मध्ये त्यांनी डेन्मार्कमधल्या बारा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींवरचा अभ्यास छापला, आणि लशींतल्या ॲल्युमिनियममुळे मुलांना दीर्घकालीन आजार होत असल्याचे त्यात आढळले नाही. अमेरिकेचे आरोग्यमंत्री रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी तो मागे घेण्याची जाहीर मागणी केली. जर्नलने साफ नकार दिला. त्याआधी एप्रिलमध्ये तिथल्या एका सरकारी वकिलाने ‘चेस्ट’ या छातीच्या विकारांवरच्या जर्नलसह काही जर्नलांना पत्रे पाठवून, आपण एकांगी आहात का, वेगळी मते छापता का, असा जाब विचारला होता. सरकारच दारात येऊन उभे राहते तेव्हा पाठीशी मोठी संघटना असणे एकट्या संपादकाच्या दृष्टीने फार मोलाचे ठरते.

अबोली
अमृतवेलताई, हे उदाहरण माझ्या ‘उफराट्या’ मताला खरोखरच अडचणीचे आहे. संघटना ढालही होऊ शकते, हे मी मूळ लेखात विचारात घेतलेले नव्हते. मालक कोण यापेक्षा मालकाचे हात कुठे बांधलेले आहेत हा प्रश्न मी आता महत्त्वाचा मानते.

मालवणी मिरी
मालकाने नाव विकण्याबद्दल एक जोड. कॅसिरर यांचा वाद आपल्याकडच्या वाचकाला परका वाटू नये. २००८ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशनने पेप्सिको कंपनीच्या फळांच्या रसाला आणि ओट्सला आपले नाव आणि बोधचिन्ह वापरू दिले होते आणि त्यावर भारतीय वैद्यक परिषदेपर्यंत तक्रारी गेल्या. डॉक्टरांच्या विश्वासाचे नाव एकदा बाजारात उतरले की ते जर्नलच्या मुखपृष्ठावर काय आणि रसाच्या खोक्यावर काय, सारखेच खर्च होते.

टोरांटोकर
मूळ प्रश्नाकडे परत येऊ, कारण नियमावली लिहायची आहे. उपयोगी पडतील अशा तीन गोष्टी दिसतात.

लुंडबर्ग गेल्यानंतर जो गदारोळ झाला त्यातून अमेरिकन मेडिकल असोसिएशनने सात जणांची देखरेख समिती नेमली आणि संपादक व पदाधिकारी यांच्यामध्ये तिला उभे केले. २०२१ मध्ये तिची परीक्षा झाली. वैद्यकसेवेतल्या वंशभेदाबद्दल ‘जामा’च्या एका पॉडकास्टमध्ये आणि त्याच्या ट्विटमध्ये जे म्हटले गेले त्यावरून संताप उसळला. मुख्य संपादक हॉवर्ड बाउकनर यांना चौकशी होईपर्यंत रजेवर पाठवण्यात आले आणि जूनअखेरीस ते पायउतार झाले. निकाल बरोबर होता की नाही यावर वाद घालता येईल, पण १९९९ सारखे एका सकाळी बोलावून घरी पाठवणे झाले नाही.

कॅनडात होई प्रकरणानंतर रिचर्ड पाउंड यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देखरेख समिती बळकट करण्याची शिफारस केली आणि असोसिएशनने ती मान्यही केली. दहा वर्षे गेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये असोसिएशनने संपादक जॉन फ्लेचर यांना काढले आणि त्याच फटक्यात ती देखरेख समितीच बरखास्त केली.

तिसरे, ऑस्ट्रेलिया. लीडर यांचा विरोध जर्नलच्या निर्मितीचे काम एल्सेव्हियरकडे सोपवण्याला होता. त्यांना काढल्यावर सल्लागार समितीतल्या वीस सदस्यांपैकी एक सोडून सगळ्यांनी राजीनामे दिले. मालकाचा निर्णय काही बदलला नाही. सामूहिक राजीनाम्याने मालकाची नाचक्की होते, पण काढलेला संपादक परत येत नाही. होई यांच्या काही सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ‘ओपन मेडिसिन’ हे नवे, सर्वांना खुले जर्नल काढले आणि निष्ठेने चालवले. तेही २०१४ मध्ये बंद पडले.

मुद्रितशोधक
याला एक अपवाद नोंदवतो. २०२३ मध्ये मेंदूच्या प्रतिमांच्या अभ्यासाला वाहिलेल्या ‘न्यूरोइमेज’ या जर्नलच्या चाळीसहून अधिक संपादकांनी एल्सेव्हियर लेखकांकडून घेत असलेल्या लेखशुल्काच्या निषेधार्थ एकत्र राजीनामे दिले आणि एमआयटी प्रेसकडून ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ हे नवे जर्नल सुरू केले. लेखकच सोबत आले तर मालकाकडे नावाखेरीज फारसे काही उरत नाही. मात्र त्या विषयातले लेखक एकमेकांना ओळखतात. सर्वसाधारण वैद्यकीय जर्नलच्या बाबतीत हे जमेल असे वाटत नाही.

गोदाकाठ
टोरांटोकरांच्या दुसऱ्या मुद्द्यावरून अबोलीताईंसाठी एक सूचना. समिती नेमण्याचा ठराव कार्यकारिणीने केला तर पुढची कार्यकारिणी दुसऱ्या ठरावाने ती मोडू शकते. म्हणून ही तरतूद नियमावलीत न ठेवता संघटनेच्या घटनेतच घालावी. घटना बदलायला सर्वसाधारण सभा, आगाऊ सूचना आणि विशेष बहुमत लागते, आणि आपली संघटना नोंदणीकृत असेल तर तो बदल धर्मादाय आयुक्तांकडेही कळवावा लागेल. इतके अडथळे ओलांडेपर्यंत बहुतेक रागाचा भर ओसरतो.

अबोली
सर्वांचे आभार. आज समितीपुढे ठेवण्यासाठी मी हा मजकूर केला आहे, त्यावर आपण कठोरपणे बोलावे :

‘संपादकाची मुदत चार वर्षांची राहील व ती एकदाच वाढवता येईल. मुदतीपूर्वी संपादकास दूर करावयाचे झाल्यास कारणे लेखी द्यावी लागतील. पाच जणांच्या संपादन विश्वस्त मंडळाने, ज्यातील किमान तिघे संघटनेचे पदाधिकारी वा माजी पदाधिकारी नसतील, संपादकाचे म्हणणे ऐकून बहुमताने संमती दिल्याखेरीज कार्यकारिणीस असा निर्णय घेता येणार नाही. प्रसिद्ध झालेला अथवा होऊ घातलेला कोणताही लेख, अग्रलेख वा त्याच्या प्रसिद्धीची वेळ हे दूर करण्याचे कारण असू शकणार नाही. जाहिरात व प्रायोजकत्व यांचे व्यवहार खजिनदार पाहील आणि त्यांची माहिती संपादकास दिली जाणार नाही. हे कलम घटनादुरुस्तीखेरीज बदलता येणार नाही.’

नस्ती उठाठेव
लेख हे कारण असूच शकणार नाही, हे फार मोठे कुंपण झाले. संपादकाने जाणूनबुजून बनावट आकडेवारी छापली तर? तिथे ‘वैज्ञानिक गैरवर्तन सिद्ध झाल्याखेरीज’ हे शब्द घाला, मग मीही मत देईन.

बे एके बे
खजिनदाराकडचा मजकूरही तपासून घ्या. संपादकाला जाहिरातींची माहिती आधी दिली नाही तरी छापील अंक त्याच्या हातात पडणारच, आणि तेव्हा त्याला सगळे दिसेल. त्याऐवजी कोणत्या लेखाशेजारी कोणती जाहिरात यावी हे ठरवण्याचा अधिकार जाहिरातदाराला नसावा, असे लिहा. आणि वर्षाच्या अहवालात औषध कंपन्यांकडून आलेली रक्कम स्वतंत्र ओळीत दाखवा. ती ‘इतर उत्पन्न’ या शीर्षाखाली गेली तर तुमच्या पाच विश्वस्तांना ती कधीच दिसणार नाही.

अबोली
दोन्ही सूचना घेतल्या, विशेषतः स्वतंत्र ओळीची. उठाठेवजी, आपले शब्द जसेच्या तसे घालते आहे, पण गैरवर्तन सिद्ध झाले हे कार्यकारिणीने ठरवायचे नाही, बाहेरच्या तिघांच्या चौकशीने ठरावे, अशी जोड देते. सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे.

पारवा
कोरम भरेल ना?

अबोली
सभा जेवणाआधी ठेवली आहे.